मधलं घर

वाल उपटायचा तर दव सुकायच्या आत. ऊन चढलं की शेंग हात लावतानाच तडकते आणि दाणे शेतातच सांडतात. म्हणून माघात रावजी आणि अनुसूया उजाडतानाच शेतावर असत. रावजी एका टोकाला, अनुसूया दुसऱ्या टोकाला. शेत उणंपुरं पंधरा गुंठ्यांचं. पण लांबून बघणाऱ्याला वाटावं, दोन वेगळ्या घरांची माणसं आपापला वाल उपटतायत.

"पायाकडं बघ," रावजी तिकडून ओरडला.

अनुसूयानं खाली बघितलं. भाताचं जुनं धसकट डाव्या पायाच्या अंगठ्याखाली चांगलं बोटभर घुसलं होतं, आणि ती चाललेल्या वाटेवर रक्ताचे ठिपके पडले होते. ती बांधावर बसली, धसकट उपसून काढलं आणि जखम दाबून धरली. दुखलं नाही. दुखलं असतं तर तिला बरं वाटलं असतं.

रावजी पाण्याची बाटली घेऊन आला. तिच्यापासून चार हातांवर बांधावर ठेवली आणि परत आपल्या टोकाला गेला.

माणूस वाईट नव्हता. तीन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी कुष्ठरोग सांगितला तेव्हा तो ओरडला नाही की तिला माहेरी धाडलं नाही. वर्षभर दर महिन्याला गोळ्यांचं पाकीट त्यानंच आणलं. तेसुद्धा जवळच्या दवाखान्यातून नाही, ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून लांब तालुक्याला जाऊन. रोग गेला, आता कुणाला लागायचा नाही, असं डॉक्टरांनी त्याला समोर बसवून सांगितलं. त्यानं मान हलवली. पण त्या उन्हाळ्यात घरात उकडतं म्हणून त्यानं ओटीवर अंथरूण नेलं होतं, ते तीन थंड्या येऊन गेल्या तरी आत आलं नाही. अनुसूयानं कधी विचारलं नाही. काय विचारणार?

वाडीत हे फक्त सरकारी आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताई सुचिताला ठाऊक होतं. बाकीच्यांना सांगितलं होतं, साखर झालीय, म्हणून पायाला कळत नाही. त्याचा परिणाम असा, की कुणाच्याही घरी गेलं तरी बाया आठवणीनं तिच्यासाठी बिनसाखरेचा चहा वेगळा ठेवत. गोडावर जीव असलेली ही बाई तीन वर्षं हसतमुखानं कडू पाणी पीत होती.

एवढं लपवायचं कारण, ती वाडीची धवलारीन होती. लग्नात भटजी नंतर. त्याच्या आधी मांडवात बसून गावदेवीपासून खाडीच्या देवापर्यंत एकेकाला गाण्यातून बोलवायचं काम धवलारीनचं. मांडव घालण्यापासून नवरी निघेपर्यंतची शंभरावर कडवी तिला तोंडपाठ. सासूनं जात्यावर बसवून शिकवली होती. आणि या वाडीत नवरीला हळदीचा पहिला हात धवलारीनचा. तिची बोटं लागल्याशिवाय दुसरी कुणी वाटीला हात घालायची नाही. त्या रोगाचं नाव एकदा तोंडातून निघालं असतं, तर ही बोटं कुणी अंगाला लावून घेतली असती?

त्याच दिवशी संध्याकाळी शेजारच्या किशोरीची हळद होती.

किशोरी म्हणजे कल्पिताची थोरली. अलिबागला एका ऑफिसात कामाला होती, आणि चौलच्या एका बागायतदाराच्या घरात सून म्हणून जाणार होती, म्हणून कल्पिता दोन महिने जमिनीवर नव्हती. ही पोर अनुसूयाच्याच मांडीवर वाढलेली. कल्पिता शेतावर गेली की पाळण्यातली पोर काकीकडं.

किशोरीला पाटावर बसवलं, पाठीवर पांघरलेली लुगड्याची चौघडी खाली घेतली. अनुसूयानं गाणं उचललं. कपाळ, गाल, खांदे, मग पाठ. उजव्या खांद्याच्या हाडाखाली तिची बोटं थबकली. रुपयाएवढा चट्टा. फिकट, कडेला जरासा तांबूस. बाकीच्या पाठीवर हळद तुकतुकत होती, तेवढ्याच जागी कोरडी दिसत होती. अनुसूयानं नख टेकवलं, मग जरा रुतवलं. किशोरी मैत्रिणीशी काहीतरी बोलत हसत होती, तशीच हसत राहिली. दोन बोटं बाजूला नख लागताच मात्र ती दचकली. "काकी, गुदगुल्या व्हतान गो!"

गाणं तुटलं.

बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. अनुसूयाचं गाणं तुटलेलं कुणी ऐकलं नव्हतं.

"काय झालां, वहिनी? विसरलंस काय?" कल्पितानं विचारलं.

"घसा सुकला," अनुसूया म्हणाली, आणि पुढचं कडवं धरलं.

तिचा स्वतःचा चट्टा कमरेवर आला होता. शिबं समजून वर्षभर त्यावर लिंबू चोळलं, आणि तेवढ्यात पायाची जाणीव गेली. हे सगळं तिला त्या रात्री मांडवात बसल्या बसल्या आठवत होतं आणि तोंडानं ती देवांना बोलवत होती. सांगायचं तर कसं? उद्या लग्न. आणि तुला कसं कळलं, असं कुणी विचारलं तर? ती गप्प राहिली. दुसऱ्या दिवशी किशोरी चौलला गेली. निघताना काकीच्या गळ्यात पडून रडली, आणि काकी तिच्यापेक्षा जास्त रडली.

त्यानंतर दोनच दिवसांनी अनुसूयाला पालीला जायचं होतं.

तिचे उपचार संपले तेव्हा डॉक्टर नेत्रा म्हणून एक बाई भेटल्या होत्या. त्यांचा मध्यंतरी फोन आला. या रोगावर मोठा अभ्यास करायचा आहे, तो कसा करायचा हे ठरवायला ज्यांना रोग होऊन गेला ती माणसंच हवीत, असं त्या म्हणाल्या. "तपासायला नाही बोलवत, अनुसूयाताई. ठरवायला बोलवतेय."

"डाक्टर लोकांना तुझ्याकडून काय शिकाचं हाय?" रावजीनं विचारलं. टोमणा नव्हता, त्याला खरंच कळत नव्हतं. तिलाही कळत नव्हतं. पण ठरवायला तिला आजवर कुणी बोलवलं नव्हतं, म्हणून ती हो म्हणाली होती.

त्या दिवशी संकष्टी होती हे बरंच झालं. बल्लाळेश्वराला जाते, असं तिनं वाडीत सांगितलं. लगेच तीन बायांनी आपापल्या नावचे नारळ आणून दिले. ते न वाहता परतायचं म्हणजे पाप. संकष्टीची रांग, त्यात पायाच्या जखमेला बांधलेला कपडा सुटलेला. नारळ फोडून ती मीटिंग ठेवलेल्या शाळेच्या हॉलवर पोचली तेव्हा बोलणं सुरू होऊन अर्धा तास झाला होता. नारळाच्या सहा वाट्यांची पिशवी खुर्चीखाली सरकवून ती बसली.

खुर्च्या गोल मांडलेल्या. पाच-सहा रुग्ण, तीन-चार डॉक्टर. कुणी उंचावर नाही. चहा आला. साखरेचा. ती दोन कप प्यायली.

तिच्या शेजारी धर्माजी म्हणून एक म्हातारा होता. पालीजवळच्या एका आमराईची राखण करत तिथंच खोपटात राहायचा. दोन्ही हातांची बोटं आखडलेली. कप तळव्यांत धरून पीत होता. पायात दवाखान्यात मिळतात त्या पट्ट्यांच्या मऊ चपला.

"तुज्या कुठं हायेत?" त्यानं तिच्या पायांकडं बघून विचारलं.

"घरात. गुंडालून ठेवल्यात."

"ठेव. ह्या घातल्या की कपालावर लिवल्यासारखंच."

नेत्रा डॉक्टरांनी ते ऐकलं आणि वहीत टिपून घेतलं. मग त्यांनी भिंतीवरचा कागद दाखवला. एका वाडीचा नकाशा. मध्ये एक लाल ठिपका आणि त्याच्याभोवती वर्तुळ.

"हे रुग्णाचं घर," त्या म्हणाल्या. "त्याच्या भोवतीची वीस घरं आम्ही घेणार. सगळ्यांची कातडी तपासायची आणि प्रत्येकाला औषधाचा एकच डोस द्यायचा, म्हणजे रोग पुढं व्हायची शक्यता कमी होते. लोक ते औषध घेतात का, त्यानं किती फरक पडतो, हे बघायचंय. रुग्णाचं नाव आम्ही कुणालाही सांगणार नाही."

सगळ्यांनी माना हलवल्या. अनुसूया लाल ठिपक्याकडं बघत होती. तिच्या घराच्या एका अंगाला कल्पिता, दुसऱ्या अंगाला विहीर, समोर हर्षदचं घर. तिच्या तोंडून निघून गेलं, "नाव कशाला सांगाया पायजेल?"

"म्हणजे?"

आता सगळे तिच्याकडं बघत होते. पण शंभर बायांसमोर गाणारा तिचा गळा होता, तो मदतीला आला. "तुमची गाडी येल. हिकडची दा घरां घेल, तिकडची दा घरां घेल, एकविसाव्याला विचारनार पन न्हाय. मग मधलां घर कोनाचा, ता आमच्या वाडीतल्या शेल्या पन सांगतील."

हॉलमध्ये हसू फुटलं. धर्माजी हसला नाही. "बाय बरोबर बोलते," तो म्हणाला. "माज्या घराभवती असंच मोजलं व्हतं. म्हैन्याभरात मुलानं मला आमराईत आनून ठेवला."

एक तरुण डॉक्टर म्हणाला, की सगळी वाडी घ्यायची तर माणसं, औषध, वेळ सगळंच पाचपट लागेल, आणि अभ्यासाचा पायाच त्या वर्तुळावर आहे. तो उद्धटपणे बोलला नाही, हिशोबानंच बोलला. नेत्रा डॉक्टरांनी त्याला हातानं थांबवलं.

"मग कसं करायचं? तुम्ही सांगा, ताई."

"हत्तीरोगाच्या गोल्या वाटल्या तवा अख्ख्या गावाला वाटल्या. कोनामुलं, ता कोनी विचारला न्हाय. तसाच करा. आनि बायांना शालेत नका तपासू. पोरां खिडकीतशी बघतान. घराघरात जावा, बाईनंच जावा, दार लावून घ्या. बाई पाठ दाखवते ती हलदीला नायतर बालंतपनाला. तिसऱ्या येलेला न्हाय दाखवत."

नेत्रा डॉक्टरांनी पेन घेतलं, वर्तुळावर काट मारली आणि सगळ्या वाडीभोवती जाड रेघ ओढली. लाल ठिपका तेवढा तसाच राहिला. मग त्यांनाच ते खटकलं असावं; त्यांनी कागदच उतरवला आणि गुंडाळून ठेवला.

आपण बोललो आणि डॉक्टरांचा कागद खाली आला, हे रावजीला सांगायला हवं असं अनुसूयाला वाटलं, आणि लगेच वाटलं, तो नुसती मान हलवील.

"आराखडा बदलला म्हणजे मंजुऱ्या पुन्हा घ्याव्या लागतील," नेत्रा डॉक्टर म्हणाल्या. "आठ महिने तरी जातील. पण चालेल."

"आट म्हैने?"

"का?"

"तोवर कोनाला चट्टा आसला तर?"

"त्यानं अभ्यासाची वाट बघायचीच नाही. लगेच सरकारी दवाखान्यात जायचं, गोळ्या फुकट आहेत. आठ महिन्यांत पायाची, हाताची जाणीव जाऊ शकते. कधी डोळ्यावरही येतं." त्यांनी तिच्याकडं नीट बघितलं. "कुणाला आहे का?"

"न्हाय. आपला विचारला."

निघताना त्यांनी सगळ्यांना सांगितलं, की आराखडा ज्यांनी मिळून ठरवला त्यांची नावं त्यावर येतात. तुमचं घालू का?

"माजं मोट्या अक्षरात लिवा," धर्माजी म्हणाला. "वाचून लाजनारं घरात कोन ऱ्हायलंच न्हाय."

"माजा नको," अनुसूया म्हणाली.

पाचव्या दिवशी किशोरी पाचपरतावणाला माहेरी आली. नवा चुडा, नवी साडी, चालताना उगाच हळू चालायची. अनुसूया सकाळपासून खळ्यावर वाल झोडत होती. काठी पडत होती आणि तिच्या मनात एकच चाललं होतं. पालीला बसून आपण सगळ्या वाड्यांसाठी वाट काढली, कुणाला नाव सांगावं लागू नये अशी. पण ती वाट आठ महिन्यांनी उघडणार. ही पोर उद्या सासरी जाणार.

दुपारी तिनं हाक मारली. "किशोरी, शेंगा ने गो चौलला." ती परसात आली. अनुसूयानं तिला माडाच्या आडोशाला बसवलं, डोळे मिटायला लावले आणि केरसुणीची काडी घेऊन पाठीवर टोचत विचारत राहिली, कुठं लागलं? किशोरीला खेळ वाटला. खांदा, कंबर, मान, ती बरोबर सांगत गेली. मग हाडाखाली काडी टोचली.

"टोच ना गो," किशोरी म्हणाली.

"टोचलाय."

पोरीनं डोळे उघडले. अनुसूयानं रोगाचं नाव घेतलं. किशोरी ताडकन उठली. "काय पन काय बोलतस, काकी? तुला काय म्हाईत?"

इथंच ती तीन वर्षं अडली होती. अनुसूयानं लुगडं सोडवून कमरेवरचा जुना डाग दाखवला, आणि मग पाय पुढं केला. धसकटाची जखम अजून ओली होती. "मला झाल्ता. मी गोल्या घेतल्या, गेला. तुजा तर आताच हाय, तुला काय व्हनार न्हाय. फकस्त टाईम नको लावू, बाय."

किशोरी बघत राहिली. मग हलकेच एक पाऊल मागं सरली. "ह्याच हातानी मला हलद लावलीस?"

"व्हय. पन माजा तवा बरा झाल्ता. डाक्टरांनी लिवून दिलाय."

"मंग मला तुझ्याकडूनशीच झाला?"

हा प्रश्न अनुसूयाच्या मनात आला नव्हता. आला असेल तर तिनं तो आत येऊ दिला नव्हता. हा रोग वर्षानुवर्षं अंगात दबून राहतो, कुणाकडून आला ते सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. आणि गोळ्या सुरू व्हायच्या आधी ही पोर रोज तिच्या घरात, तिच्या ताटात जेवायची. नाही म्हणाली असती तर पोरीनं विश्वास ठेवला असता. पण आज खोटं बोलायचं नाही म्हणूनच तर तिनं कंबर उघडी केली होती.

"म्हाईत न्हाय, बाय," ती म्हणाली. "आसल पन."

किशोरी शेंगा तिथंच टाकून गेली.

कल्पिता तासाभरानं आली. अंगणात चढली नाही, कुडाच्या बाहेर उभी राहिली. ओरडलीसुद्धा नाही, ओरडली असती तर वाडी जमली असती. "पोरीला दाखवू डाक्टरला," ती दबक्या आवाजात म्हणाली. "तिच्या सासरी कललां तर माजी पोर मरल. तू कोनाला बोलू नको. आनि आमच्या दारात येव नको, वहिनी."

"मी कशाला बोलू?"

"तू बोललंस तर खरी," कल्पिता म्हणाली आणि गेली.

आपल्या पोरीचं नाव तिनं कुठं काढलं नाही. पण धवलारीनचं काय ते वाडीत हळूहळू कळलं. कसं ते विचारण्यात अर्थ नव्हता. पुढच्या आठवड्यात समोरच्या हर्षदचं लग्न होतं आणि त्याची सुपारी अनुसूयाकडं महिन्यापूर्वीच आली होती. हर्षदचा बाप आला, ओटीवर रावजीजवळ बसला, वालाला यंदा दाणा कसा भरलाय हे बराच वेळ बोलला, आणि उठताना म्हणाला, "ह्या येलेस पोरांनी दुसऱ्या गावची धवलारीन सांगितलीय. पोरांची हौस." रावजी म्हणाला, बरं.

लग्नाच्या दिवशी रावजी जेवायला गेला. घरातलं एक माणूस तरी दिसायला हवं. अनुसूया आत बसून ऐकत होती. नव्या बाईचा आवाज गोड होता, पण तिनं खाडीचा देव बोलवलाच नाही. अनुसूयानं तो आपल्या आपण, ओठांतल्या ओठांत बोलवला. रावजी आला, तिनं त्याच्याकडं बघितलं.

"भात बरा होता," तो म्हणाला, आणि अंथरुणाकडं गेला.

त्यानंतर चार दिवसांनी किशोरीचा फोन आला. चौलहून. आवाज बारीक. "आई बोलते आपन वलखीच्या डाक्टरकडं जाव, पन ता डाक्टर सासऱ्यांच्या वलखीचा हाय. सरकारी दवाखाना कुठला ता मला म्हाईत न्हाय. तू येशील?"

"येतय," अनुसूया म्हणाली.

तालुक्याच्या स्टँडवर किशोरी आधीच उभी होती, तोंडाला ओढणी बांधून. अनुसूया पुढं चालली, किशोरी वीस-पंचवीस पावलं मागून. वळणावर अनुसूया थांबायची, ती दिसली की पुन्हा चालायला लागायची. दवाखान्यात त्या खोलीबाहेर दोन बाकं होती. किशोरी दुसऱ्या बाकावर बसली. डॉक्टरांनी तपासलं. एकच चट्टा, नस अजून जाड नाही. वेळेवर आलात, असं म्हणालेलं अनुसूयाला दाराबाहेर ऐकू आलं, आणि तिनं भिंतीला डोकं टेकलं.

पहिला डोस समोर घ्यायचा असतो. नर्सनं पाकीट फोडलं, पाण्याचा ग्लास दिला आणि रजिस्टर उघडलं.

"बरोबर कोण आलंय?"

दार अर्धं उघडं होतं. किशोरीनं बाहेर बघितलं. दोघींची नजर भेटली. अनुसूया जरा पुढं झाली. हाक आली असती तर ती आत जाणार होती.

"कोनी न्हाय," किशोरी म्हणाली. "एकटीच आलेय."

नर्सनं तसं लिहिलं. किशोरीनं गोळ्या तोंडात टाकल्या आणि पाणी प्यायली. अनुसूया तिच्या गळ्याकडं बघत होती. गोळ्या खाली उतरल्या तेव्हा तिला बरं वाटलं, आणि त्याच वेळी असं एकटं वाटलं, जसं ओटीवरच्या अंथरुणाकडं बघूनही तीन वर्षांत कधी वाटलं नव्हतं. पण तिला राग आला नाही. कुणाला कुणाचं नाव सांगावं लागू नये, हे पालीला भर सभेत तिनंच मांडलं होतं.

स्टँडवर चौलची मिनिडोर रिक्षा लागली होती, वाडीच्या फाट्यावरूनच जाणारी. दोन जागा रिकाम्या होत्या. किशोरी चढली, आणि पिशवी मांडीवर घेताना खालच्या आवाजात म्हणाली, "काकी, तू मागच्या गाडीनं ये."

"व्हय, व्हय. तू जा," अनुसूया म्हणाली. "पुढल्या म्हैन्यात याच तारखेला यायचा हाय. विसरू नको."

गाडी गेली. पुढची भरायला तास लागणार होता. अनुसूया सावली बघून कठड्यावर बसली.